ताजं, टिकाऊ आणि भाकऱ्या

परवा आक्काच्या नातवाचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्दाम चिडवायला म्हणाला, "छोटी आजी, आता आलो की तुझ्या लॅपटॉपवर सगळं ताजं ताजं टाकून देऊ का?" मी म्हटलं, "नको रे राजा, माझं शिळंच बरं." तो हसला, मीही हसले. दोघांनाही २०२४ चा उन्हाळा आठवला होता, पण त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

तो उन्हाळा आज लिहून टाकते. संगणकातलं मला फार कळतं अशातला भाग नाही. नेवासे तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली बाई मी. एमएस-सीआयटी केलं ते सक्ती होती म्हणून. तेव्हा माउस धरताना हात थरथरायचा. पण निवृत्तीनंतर लिहायची गोडी लागली आणि २०२१ मध्ये या नातवानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, त्यावर लिनक्सच्या घराण्यातली एक प्रणाली बसवून. म्हणाला, "आजी, या म्हाताऱ्या यंत्राला दुसरं काही झेपणार नाही." म्हाताऱ्याला म्हातारी मिळाली, असो.

या घराण्याची एक गंमत आहे. इथे सॉफ्टवेअर आणायला दहा ठिकाणी हिंडावं लागत नाही. प्रत्येक प्रणालीचं आपलं कोठार असतं. जाणकार त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्या कोठाराचा पत्ता यंत्रात एका साध्या फाइलीत लिहिलेला असतो. 'अपडेट' म्हटलं की यंत्र त्या पत्त्यावर जाऊन माल घेऊन येतं. पत्त्यातला एक शब्द बदलला की दुसऱ्याच कोठारातला माल येऊ लागतो. सारं रामायण त्या एका शब्दावरून.

डेबियन हे या घराण्यातलं १९९३ सालापासूनचं जुनं खोड, आणि माझी प्रणाली त्याच्याच एका फांदीवरची. डेबियनकडे तीन मुख्य कोठारं आहेत. पहिलं 'स्टेबल', म्हणजे पक्कं. साधारण दोन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि एकदा निघाली की आतला माल गोठतो. त्यानंतर सुरक्षेची भोकं बुजवायची, फार गंभीर चुका दुरुस्त करायच्या, बाकी हात लावायचा नाही. दुसरं 'टेस्टिंग', जिथे पुढची आवृत्ती मुरत असते. तिसरं 'अनस्टेबल', रोजच्या रोज ताजं. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं देतात, आणि या तिसऱ्या कोठाराचं नाव कायमचं 'सिड', म्हणजे त्या चित्रपटात खेळणी मोडणारा मुलगा. नावातच सगळं आलं!

इतरांच्या रीती वेगळ्या. फेडोरावाले सहा-सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात. आर्च नावाच्या प्रणालीत आवृत्त्याच नाहीत, माल सतत वाहता. फ्रीबीएसडी या वेगळ्याच घराण्यात दर तीन महिन्यांनी एक फांदी कापून बाजूला ठेवतात. पक्की आवृत्ती बसवणाऱ्याला ती तिमाही फांदी आपोआप मिळते आणि 'लेटेस्ट' हवं असेल त्यानं पत्ता आपल्या हातानं बदलायचा. आमच्या घोडेगावच्या बाजारात कांद्याचं जे आहे तेच हे. लाल कांदा निघाला की विकायचा, उन्हाळी कांदा चाळीत घालून महिनोन्महिने पुरवायचा. दोन्ही कांदेच, पण चाळीत लाल कांदा घातला तर दोष कांद्याला देऊन चालत नाही.

या 'आपोआप मिळतं' ला इंग्रजीत डिफॉल्ट म्हणतात. मराठीत चपखल शब्द मला सुचलेला नाही, पण चित्र डोळ्यांपुढे आहे. जूनमध्ये वर्गात नवीन मूल यायचं. मी त्याला रिकाम्या दिसेल त्या बाकावर बसवायची. ते मूल वर्षभर तिथेच बसायचं. फळा दिसत नसला तरी, शेजारचा चिमटे काढत असला तरी. जागा बदलून मागता येते हेच त्याला ठाऊक नसायचं. धीट मुलं मागून घेतात. बाकीच्यांचं वर्ष मी पहिल्या दिवशी एका मिनिटात ठरवलेलं असायचं. हे मला नोकरीच्या उत्तरार्धात उमगलं, तोवर किती मुलं मागच्या बाकावर संपली कोण जाणे.

तर भाकऱ्या.

आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी एक वही लिहिली. रोज चार-सहा ओळी. कुठल्या विहिरीनं तळ गाठला, कुणाची जनावरं कुठे गेली, मुलांना सुकडी किती आली, मिलोच्या भाकऱ्या कशा थापल्या जात नाहीत आणि रात्री घरात किती भाकऱ्या झाल्या. रोजच्या नोंदीला शेवटी भाकऱ्यांचा आकडा. अण्णा गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी तेव्हा, म्हणजे दुष्काळात, नगरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे घरचे हाल मी पाहिले ते फक्त सुट्टीत. आक्का मात्र लग्न होऊन शेजारच्याच गावात होती. वही वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आक्का त्या साली खडी फोडायला जात होती. "थोरली आली. तीन भाकऱ्या बांधून दिल्या." एवढीच नोंद. अशा नोंदी अकरा ठिकाणी.

आक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिनं हे आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. तिला म्हटलं, अण्णांनी तुझ्याबद्दल लिहिलंय, तर म्हणाली, "मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय." अण्णांचं अक्षर बारीक, शाई उडालेली. म्हणून मी ठरवलं की सगळी वही टंकून, मोठ्या अक्षरात छापून तिच्या हातात द्यायची. दीड वर्ष लागलं. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा मी चौथी-पाचवीत होते. तोवर 'नांव', 'कांहीं' लिहायला शिकलेल्या आम्हा मुलांचे ते अनुस्वार रातोरात चुकीचे ठरले. अण्णांनी शाळेत नवे नियम इमानानं शिकवले, आणि स्वतःच्या वहीत दहा वर्षांनंतरही 'कांहीं'च लिहिलं. मी ते तसंच ठेवलं. माझ्या संगणकाचा शब्दतपासनीस पानभर लाल रेघा ओढायचा. गेली काही वर्षं तो 'अहिल्यानगर'खालीही ओढतो, त्याला अजून अहमदनगरच माहीत आहे.

मार्च २०२४ मध्ये काम पुरं झालं. पाडव्याला, ९ एप्रिलला, आक्काला द्यायचं ठरलं. नमुना म्हणून चार पानं छापून आणली आणि मी कपाळाला हात लावला. पडद्यावर नीट दिसणारा 'ऱ्य' कागदावर फुटला होता. र पाय मोडून बसलेला, य पलीकडे एकटा. भाकऱ्या, गवऱ्या, पायऱ्या, दुसऱ्या, सगळ्यांची तीच गत. ज्या वहीच्या पानोपानी भाकऱ्या, तिच्यात!

होळीला नातू आला होता. त्यानं शोधून सांगितलं की ही चूक माहीत आहे, नव्या आवृत्तीत वर्षापूर्वीच दुरुस्त झाली आहे. पण माझं कोठार पक्कं, गोठलेलं. अक्षराची मोडतोड ही काही सुरक्षेची बाब नाही, त्यामुळे दुरुस्ती पुढच्या मोठ्या आवृत्तीबरोबरच येणार. "म्हणजे कधी?" "पुढच्या वर्षी, बहुतेक." मी म्हटलं, आक्का चौऱ्याऐंशीची आहे. तो म्हणाला, "मग ताजं कोठार लावू." आणि धुळवडीच्या दुपारी त्यानं माझ्या प्रणालीच्या फाइलीत डेबियनच्या 'टेस्टिंग'चा पत्ता घातला. जुना पत्ताही राहू दिला. एकाच घरात दोन सासवा! रात्रभर माल उतरत होता. सकाळी 'भाकऱ्या' छापून पाहिलं, सुरेख. तो पुण्याला गेला.

दोन दिवसांनी आणखी एक अपडेट आलं, मी सवयीनं 'हो' म्हटलं, आणि मराठी टंकणं बंद पडलं. मग लिहिण्याचं सॉफ्टवेअर उघडेना. नंतर तर नुसता काळा पडदा. त्या महिन्यांत डेबियनच्या ताज्या कोठारांमध्ये तारीख-वेळ साठवण्याच्या पद्धतीतला एक मोठा बदल चालू होता. २०३८ साली जुन्या ३२-बिटी यंत्रांचं घड्याळ उलटं फिरू नये म्हणून. त्यासाठी ढीगभर पॅकेजांची नावं बदलत होती. अशा वेळी दोन कोठारं एकत्र करणं म्हणजे घराचा वासा बदलताना माळवदावर झोपणं. चूक कोठाराची नव्हती, आमची होती.

एवढ्यावर भागलं नाही. २९ मार्चला बातमी फुटली. फाइली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं सांभाळत होता एक थकलेला स्वयंसेवक. 'जिया टॅन' हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत करत विश्वास कमावला आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मधल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार ठेवून दिलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि ते दार सापडलं. डेबियनच्या पक्क्या कोठारात ५.४.१ होतं, तिथे काही नाही. टेस्टिंगमध्ये आणि सिडमध्ये ते पोचलं होतं. नातवाचा घाबराघुबरा फोन आला, "आजी, वायफाय बंद कर आधी!" माझ्यासारखीच्या घरगुती लॅपटॉपला प्रत्यक्षात धोका नगण्यच होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. पण आता जुन्याकडे परतणं नाही, सगळं पुसून नव्यानंच बसवायचं, असं ठरलं. त्याला रजा मिळेना. फाइल पेन ड्राइव्हवर सुखरूप होती. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे उघडून पाहिली, तर तिथे पानंच विस्कटली. पाडवा गेला.

त्या रिकाम्या दिवसांत, चैत्रातल्या एकादशीला, नेवाशाला जाऊन आले. पैस खांबापाशी बसले. इथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मुलांना मी हे पंचवीस वर्षं शिकवलं, पण त्या दिवशी डोक्यात भलतंच आलं. ज्ञानेश्वरी पुढे तीनशे वर्षं हातानं नकलली गेली. प्रत्येक नकलणारा थोडं चुकला, कुणी आपली ओवी घातली. मग शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. म्हणजे काय केलं? गोठवलं! दुरुस्ती केली, भर घातली नाही, आणि पुढच्यांनी भर घालू नये अशी ताकीद दिली. आपल्याकडे चारशे वर्षं जी घराघरात वाचली गेली ती हीच प्रत. वाचणाऱ्याला कोठारं किती आहेत हे ठाऊकही नव्हतं, त्याच्यासाठी कुणीतरी नीट निवडून ठेवलेलं होतं.

अर्थात दुरुस्त करणाराही माणूसच. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली, तेव्हापासून जुन्या भाषेतलं काय काय निसटलं यावर अभ्यासक वाद घालतातच. संगणकातही असं झालेलं आहे. २००६ मध्ये डेबियनच्या एका सांभाळणाऱ्यानं 'ओपनएसएसएल' या कुलपं बनवणाऱ्या साधनातला एक सूचना देणारा भाग सद्हेतूनं काढून टाकला, आणि दोन वर्षं डेबियनवर घडलेल्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या निघाल्या. २००८ च्या मेमध्ये ते उघडकीला आलं. पक्कं म्हणजे निर्दोष, असं माझं म्हणणं नाही.

आणि शिळ्याचा त्रास मराठी माणसाला जरा जास्तच झालेला आहे. 'ॲ' हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. शासनानं नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना जागा दिली. २०१० च्या जुलैत रुपयाचं चिन्ह ठरलं. माझ्या तेव्हाच्या घरच्या संगणकावर दोन्हींच्या जागी कितीतरी दिवस चौकोन दिसायचा. जिथे भाषा अजून बसतीच आहे, तिथे दोन वर्षं थांबा म्हणणं सोपं नसतं. शिवाय गंभीर चूक कोणती हे ठरवणार कोण? ज्याच्या भाषेत 'ऱ्य' नाही त्याला ती किरकोळच वाटणार. पक्क्या कोठारातही मधून मधून दुरुस्त्या घेतात, पण कुणीतरी नीट कळवावं लागतं, पाठपुरावा करावा लागतो. आम्ही मराठी लोक कळवत नाही, चरफडतो. मीही तेच केलं.

नंतर कळलं की मधली वाटही होती. 'बॅकपोर्ट्स' म्हणून एक कोठार असतं. नवं पॅकेज पक्क्या प्रणालीला जुळवून ठेवलेलं. तेवढं एकच आणता आलं असतं. एका अक्षरासाठी सगळं घर उलथून टाकायची गरज नव्हती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आक्काच्या उजव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. साखर. डावा आधीच गेल्यात जमा होता. डॉक्टर म्हणाले, उजेड-अंधार कळेल, वाचणं कठीण.

नातू मेच्या पहिल्या आठवड्यात आला. पक्कं कोठार पुन्हा बसवलं, मधल्या वाटेनं 'ऱ्य' सरळ केला, छापून आणलं. अक्षय तृतीयेला, १० मेला, मी वही घेऊन आक्काकडे गेले. तिनं ती हातात घेतली, पानं चाचपली, परत दिली. "वाच तू." मग म्हणाली, "होळीला झाली होती म्हणं तयार?" मी अक्षराचं सांगितलं. ती म्हणाली, "भाकरीचा पाय मोडला म्हणून थांबलीस व्हय? मला समजलं असतं की."

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. चार पानांत 'ऱ्य' मोडलेला होता, बाकी सारं वाचता येत होतं, आणि आक्काचा डोळा तेव्हा शाबूत होता.

नातवाच्या यंत्रावर ताजंच असतं आणि असावंच. ते चोरदार सापडलं ते सिड वापरणाऱ्यालाच. सगळ्यांनीच शिळं खाल्लं असतं तर ते विष दीड-दोन वर्षं मुरून, 'पक्कं' असा शिक्का घेऊन माझ्या कोठारात आलं असतं. आमची शांतता अशा लोकांच्या त्रासावर उभी आहे. पण त्यांना आपण कुठल्या बाकावर बसलोय हे माहीत असतं, तो त्यांनी मागून घेतलेला असतो. न मागणाऱ्याला कुठे बसवायचं, एवढाच डिफॉल्टचा प्रश्न. त्याला पक्क्या बाकावरच बसवावं, आणि वर्षातून दोनदा तरी विचारावं की बाळा, फळा दिसतोय का. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली, पुढे माझ्याही प्रणालीची. आता 'ऱ्य' आपोआप सरळ छापला जातो. नातवानं एक-दोन मराठी चुका रीतसर कळवल्याही आहेत.

आक्काला मी तेव्हा तीन दुपारी वाचून दाखवलं. तिच्या नोंदी आल्या की ती हात वर करायची, म्हणजे थांब. पहिल्याच "तीन भाकऱ्या बांधून दिल्या" ला तिनं हात वर केला आणि म्हणाली, "तीन नव्हं, चार. आईनं अण्णांच्या मागं एक वर घातली होती. ती मी वाटंतच खायची." मी विचारलं, दुरुस्त करू का? जरा वेळ गप्प बसली. "नको. अण्णांना माहीत नव्हतं ते."

फाइलीत मी तीनच ठेवल्या आहेत.